मेडिकलच्या आधीची मिरवणूक

आमच्या शाळेच्या फाटकाशी एक काळा दगड बसवलाय. त्यावर दोन नावं कोरली आहेत. वरचं शहीद भाऊसिंग चव्हाण. खालचं माजी सैनिक रामकिसन गावंडे. वरचं नाव खरं आहे, खालचं खोटं. रामकिसन एक दिवससुद्धा सैन्यात नव्हता. हल्ली तो फाट्यावर जायला निघाला की शाळेवरून जात नाही, नाल्यातून वळसा घालून जातो. लोकांना वाटतं फौजी पन्नाशीतही चालण्याचा व्यायाम सोडत नाही. लोकांना काहीही वाटतं.

मी गावचा टेलर. मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे येताना फाट्यावर निळ्या पत्र्याचं दुकान दिसतं, ते माझं. पस्तीस वर्षं गावाची मापं घेतोय. कोणाची कंबर कधी सुटली, कोणाचा खांदा कधी उतरला, हे मला त्यांच्या बायकांच्या आधी कळतं. रामकिसन आणि मी दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. तेव्हा त्याच्याबद्दल लिहायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो. हक्क नसेल तर गुन्हा आहे, आणि त्याचंही पुढे सांगतोच.

१९९४ साली नागपूरला भरती निघाली. रामकिसन वीस वर्षांचा, काटक, शेतात राबलेला. पळण्यात पहिल्या दहांत आला. उंची बसली, छाती बसली. दहा दिवसांनी मेडिकलला यावं असा कागद घेऊन तो घरी आला. कागद इंग्रजीत, खाली गोल शिक्का. त्याच्या बापानं तो कागद घरोघर दाखवला. हेडमास्तरांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "आता मेडिकल राह्यलं फक्त. थे काय, नावाले असते." त्या नावाला असलेल्या मेडिकलनं माझ्या मित्राचं आयुष्य खाल्लं.

पोरगं भरती झालं की आमच्याकडे मिरवणूक निघते. फेटा, गुलाल, बँड, दारोदार ओवाळणी. ती काढतात पोरगं ट्रेनिंग करून पहिल्या सुट्टीवर आलं की. पण त्या दिवशी गावात एक लग्न होतं आणि मंगरूळपीरचा बँड आयताच आलेला होता. दुपारी लग्न लागलं, बँडवाले जेवून बाभळीखाली आडवे झाले. रामकिसनचा बाप त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, "आलेच हा तं माह्याबी पोराचं वाजवून जा." एवढंच कारण. बँड गावात होता म्हणून मिरवणूक निघाली. मी एका दिवसात त्याची पँट-शर्ट शिवली होती, तीच घालून तो बैलगाडीत उभा राहिला. पूर्ण गाव नाचलं. मीही नाचलो.

मेडिकलला डॉक्टरनं कानात बॅटरी मारली आणि कागदावर दोन शब्द लिहिले. लहानपणी आम्ही विहिरीत उड्या मारायचो, त्यात त्याचा डावा कान फुटलेला होता. पावसाळ्यात वाहायचा. घरी कोणाला ते दुखणं वाटलंच नव्हतं. फेरतपासणी मागितली, तिथेही तेच दोन शब्द. मग तो नागपूरच्या बसस्टँडवर आला. गावाला येणारी गाडी उभी होती, खिशात तिकिटापुरते पैसे होते. "चढलो बी व्हतो मी," त्यानं मला खूप वर्षांनी सांगितलं. "मंग कॉलर पाह्यली. गुलाल व्हता अजून बी. उतरलो."

नागपूरबाहेर बटाट्याचं एक कोल्ड स्टोरेज होतं, तिथं तो वॉचमन म्हणून लागला. खाकी कपडे, काठी, शिट्टी. अकरा वर्षं. वर्षातून दोनदा गावी यायचा, साध्या कपड्यांत. वर्दी कुठंय असं कोणी विचारलं की म्हणायचा, "वर्दी घालून गावात येता येत नाई, नियम हाये." गावाला नियम फार आवडतात, कोणी जास्त विचारत नसे. पोस्टिंग कुठं आहे हे सांगायचं नाही, हाही नियम. पत्रावर छावणीचा पत्ता टाकायचा नाही, हाही नियमच. त्याचा बाप पोराचे हे नियम पारावर सांगत सांगत मेला, आणि छाती फुगवून मेला.

सगळ्यात महाग पडला तो रमचा नियम. गावात फौजी असला की त्याच्याकडे लोक कँटीनची बाटली मागतात. देशप्रेम हे आमच्याकडे बऱ्याच अंशी तिथूनच सुरू होतं. रामकिसन बिचारा दुकानातून पूर्ण किमतीत बाटल्या घ्यायचा, लेबल खरवडायचा आणि गावातल्या मानकऱ्यांना कँटीनच्या भावात द्यायचा. ते घोट घेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "असली माल असली रायते बावा. दुकानात हे चव नाई."

बायकोला, रुख्मिणीला, त्यानं लग्नानंतर महिन्याभरात खरं सांगितलं. तिच्या बापानं एक चांगला शिक्षक नाकारून तिला फौजीच्या घरी दिलं होतं. ती दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी उठून भाकरी टाकल्या आणि म्हणाली, "आता मीबी ह्याच्यातच." बायांनी विचारलं की म्हणायची, पोस्टिंग बदललं. माझ्या मते त्या घरात फौजी कोणी असेल तर ती.

आणि मला कळलं ते माझ्या धंद्यामुळे. २००२ साली सुट्टीत त्यानं एक खाकी पँट कंबरेला आवळायला आणून टाकली. खिशात प्लास्टिकचा पास होता. फोटो त्याचा, खाली सुरक्षा रक्षक, त्याखाली कोल्ड स्टोरेजचं नाव. मी पँट आवळली, इस्त्री केली, पास होता तसा खिशात ठेवला. संध्याकाळी तो आला. खिसा चाचपला, पास लागला, आणि माझ्याकडे बघत राहिला. "शिलाई किती झाली?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "फौजीकून घेत नसतो मी." त्यानंतर तेवीस वर्षं आम्ही त्या विषयावर एकमेकांना फारसं काही विचारलं नाही. तेव्हा मला वाटलं मी मैत्री निभावली. आता वाटतं त्याच दिवशी त्याला बसवून म्हणायला हवं होतं, गड्या, सांगून टाक, आपण दोघं मिळून शिव्या खाऊ.

२००५ साली पायाच्या दुखापतीनं घरी पाठवलं असं सांगून तो कायमचा परत आला. सोबत काळी रंगवलेली पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. नंबर कोल्ड स्टोरेजच्या हजेरीचा होता. शेती बघू लागला. आणि पहाटे गावातल्या पोरांना घेऊन मंगरूळपीर रोडवर पळू लागला.

इथे मात्र त्यानं खोटं काही केलं नाही. भरतीला जे जे लागतं ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तो पोरांना पळवायचा, चिंचेच्या फांदीला लटकवायचा, छाती फुगवायला शिकवायचा. आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक पोराला उन्हात उभं करून कानात बॅटरी मारून बघायचा. पोरं हसायची. कोणाचा कान वाहत असला तर स्वतः वाशिमला डॉक्टरकडे घेऊन जायचा. वीस वर्षांत अकरा पोरं लागली. अकराही पोरांच्या घरी त्यानं एकच अट घातली, मेडिकल होईपर्यंत बँड बोलवायचा नाही.

त्यातला पहिला भाऊसिंग. गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथला. त्याची आई रामीबाई विधवा, दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची, पोराला मागे ठेवून. भाऊसिंग रामकिसनच्या घरी जेवायचा, त्याच्याच ओसरीत झोपायचा. मेडिकलला रामकिसन त्याच्यासोबत नागपूरला गेला आणि दवाखान्याबाहेर रस्त्यावर दिवसभर उभा राहिला. पोरगं पास होऊन बाहेर आलं तेव्हा हा रडला. भाऊसिंगला वाटलं मामा आनंदानं रडून राह्यले.

२०११ मध्ये भाऊसिंग काश्मीरात गेला. गोळी लागून. पेटी आली, पुढारी आले, तांड्यात मावेना एवढी माणसं आली. पाहुणे पांगल्यावर रामीबाई एक दिवस एकटीच रामकिसनच्या दारात येऊन बसली. मी तिथंच होतो, त्याच्या घरी मापं घ्यायला गेलो होतो. ती म्हणाली, "तू फौजी हायेस. बाकीचे काईबी सांगतात मले. तू खरं सांग. माह्या पोराले लय दुखलं असन का?"

तांड्यात आईला याडी म्हणतात. रामकिसनही तिला तसंच म्हणायचा. तो तिच्यासमोर खाली बसला. "नाई याडी. गोळी लागली का दुखत नाई. पह्यले गरम लागते, मंग झोप येते. आमाले शिकवते थे. मी पाह्यलं बी हाये."

तिनं ते दोन्ही हातांनी घ्यावं तसं घेतलं. "झोप येते?"

"झोप येते."

मी टेप गुंडाळत उभा होतो. बटाट्यावर पहारा दिलेला माणूस एका आईला गोळीचं सांगत होता, आणि मला त्याचा राग आला नाही. तुम्हाला आला असता का?

तेव्हापासून दर वर्षी भाऊसिंगच्या तारखेला रामीबाई त्याच्या दारात यायची. तेच विचारायची, तो तेच सांगायचा, त्याच शब्दांत. पह्यले गरम लागते, मंग झोप येते. चहा पिऊन ती परत जायची. एकदा माझ्या दुकानात झंपर शिवायला आली तेव्हा म्हणाली, "त्या फौजीनं सांगतलं म्हणून झोपते बावा मी. नाई तं डोयाले डोया नसता लागला." हे तिचं वाक्य रामकिसनला मी सांगितलं. सांगायला नको होतं. त्यानंतर तो त्या तारखेच्या आधी आठ-आठ दिवस जेवेनासा झाला.

आता एका सिनेमाचं. मागच्या वर्षी मे महिन्यात टीव्हीवर चार दिवस युद्ध चाललं होतं. माझ्या दुकानात पन्नाशीचे पंधरा लोक मोबाइलला चिकटून बसायचे. गुडघ्याला पट्टा लावलेला किराणावाला म्हणायचा, आपल्याले बलावलं तं आपन तयार. एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर नकाशावर बोट ठेवून कुठून घुसायचं ते सांगायचा. न्हाव्याला तर सीमेवर जाण्यापेक्षा सीमा इकडे आलेली बरी वाटत होती, म्हणजे दुकान बंद ठेवावं लागलं नसतं. मंगरूळपीरचा प्रज्वल नावाचा पोरगा तिथं शर्टाचं माप द्यायला आला होता. तो मोबाइलवर वऱ्हाडी कॉमेडी टाकतो, लाखभर लोक बघतात. तो कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत होता, आणि जाताना म्हणाला, "टेलरमामा, तुमच्यावर सिनेमा काढतो."

सिनेमाची गोष्ट अशी की युद्ध लांबलं, जवान कमी पडले, म्हणून सरकारनं पंचेचाळीस ते साठ वयाच्या माणसांची भरती काढली. मग एका गावातले न्हावी, टेलर, कंडक्टर, किराणावाले सैनिक होतात. चष्मे, कवळ्या, शुगरच्या गोळ्या घेऊन. नाव ठेवलं 'पन्नाशीची पलटण'. खऱ्या वर्दीसारखी वर्दी वापरायची नाही असं पोलिसांनी बजावलं होतं, म्हणून वाशिमहून शेवाळी कापड आणलं. चौदा जोड मी शिवले. सगळ्यांना कंबरेत इलॅस्टिक. बंदुका सुतारानं सागाच्या फळीतून कापल्या.

ड्रिल शिकवायला कोण? सगळ्या गावानं एकच बोट दाखवलं. रामकिसन फौजी. प्रज्वलनं त्याला उस्तादचा, म्हणजे कवायत शिकवणाऱ्याचा, पार्टही दिला.

सोयाबीन निघाल्यावर शूटिंग सुरू झालं. रामकिसननं कवायत टीव्हीवरच्या परेडमधून आणि सुट्टीवर आलेल्या पोरांकडून उचललेली, पण सावधान असा उभा राहायचा की आमच्याही पाठी आपोआप ताठ व्हायच्या. आम्ही डावा म्हटलं की उजवा पाय टाकायचो, पोटं पुढे जायची आणि आम्ही मागे राहायचो. प्रज्वल हसून हसून कॅमेरा हलवायचा. ते पंधरा दिवस रामकिसन खूश होता. खूश होता म्हणजे किती, तर मला भीती वाटावी इतका.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो प्रज्वलला म्हणाला, "भाऊ, माह्या पार्टात थोडं बदल. शेवटी असं दाखव, का हा उस्ताद फौजीच नोता. वॉचमन व्हता. सगळ्याईले फसवून राह्यला व्हता." माझा घास हातातच राहिला. प्रज्वलनं मांडीवर थाप मारली. "मामा! जबरदस्त! खरा फौजी असं म्हणते, यातच तं मजा हाये!"

मी त्याला बाजूला घेतलं. "येडा झाला का तू? काहून काढून राह्यला हे?"

"एकडाव तोंडातून जाऊ दे टेलर," तो म्हणाला. "खोटं खोटं का होईना. एकतीस वर्ष झाले. आतून सडून गेलो मी."

सीन एकाच झटक्यात झाला. शाळेच्या मैदानावर आम्ही चौदा जण रांगेत, तो समोर. टोपी काढून तो म्हणाला, "मी फौजी नाई रे बाप्पा. मी वॉचमन व्हतो. कोल्ड स्टोरेजच्या आलूवर पहारा देल्ला अकरा वर्षं." त्याचा आवाज फाटला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. प्रज्वलला ते इतकं पसंत पडलं की त्यानं लगेच पुढचं वाक्य जोडून दिलं आणि रामकिसनकडून म्हणवून घेतलं, "पन एकबी आलू शत्रूच्या हाती लागू नाई देल्ला!"

डिसेंबरात सिनेमा मोबाइलवर आला. बाकी सिनेमाचं जे व्हायचं ते झालं, पण तो एक तुकडा सुटा होऊन सगळीकडे पळाला. मानोऱ्याच्या बाजारात, अनसिंगच्या यात्रेत, लग्नाच्या पंगतीत लोक आलूची भाजी वाढताना म्हणू लागले, एकबी आलू शत्रूच्या हाती! रामकिसन रस्त्यानं निघाला की शाळेतली पोरं सलाम ठोकून तेच ओरडायची. लोक त्याच्यासोबत फोटो काढायचे. त्याला वाटलं होतं एकदा बोललं की हलकं वाटेल. आता त्याचं खरं हे गावाचं सगळ्यात आवडतं खोटं झालं होतं. एवढी मोठी चूक माणूस ठरवूनही करू शकत नाही.

गाव कौतुकात आलं की थांबत नाही. शाळेच्या फाटकाशी भाऊसिंगच्या नावाचा दगड आधीपासून होता. त्याच्यावर खाली जागा होती. ग्रामपंचायतीनं ठरवलं की तिथं रामकिसनचं नाव कोरायचं आणि सव्वीस जानेवारीला रामीबाईच्या हातून पडदा काढायचा. सरपंच वैजयंतीताई स्वतः त्याच्या घरी सांगायला आल्या. त्यानं हात जोडले. "ताई, माह्यं नाव नका टाकू. मी फौजी नोतो." वैजयंतीताई हसून हसून खुर्चीतून वाकल्या. "काका, तुमी तं घरीबी डायलॉग सोडत नाई!"

त्या संध्याकाळी तो माझ्या दुकानात येऊन बसला. रुख्मिणीही मागोमाग आली. "भाऊसिंगच्या खाली माह्यं नाव?" तो म्हणाला. "त्यानं खरी गोळी खाल्ली. मी आलू राखले. मी सव्वीस तारखेले माइकवर सांगतो. सगळ्या गावासमोर."

रुख्मिणी कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "सांगा. माह्यी ना नाई. लोकं थुंकन तं आपन दोघं पुसू. पन रामीबाईचं काय करान? थे तुमच्या शब्दावर झोपते."

तो म्हणाला, "तिले मी मागून समजावून सांगीन." कसं समजावून सांगणार होता, हे त्याला माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. पण दगडावर अक्षरं कोरून झाली होती आणि तारीख चार दिवसांवर होती.

सव्वीस जानेवारीला शाळेचं मैदान भरलं होतं. सिनेमामुळे आजूबाजूच्या गावांतली माणसंही आली होती. झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं. पहिल्या रांगेत खुर्चीवर रामीबाई, मांडीवर पंचायतीनं दिलेली शाल. तिच्याकडे मोबाइल नाही, तिनं सिनेमा पाहिलेला नव्हता. आम्ही पलटणवाले शेवाळी कपडे घालून एका बाजूला उभे, कारण तसा वैजयंतीताईंचा आग्रह होता. माझी पँट मीच शिवलेली असून पोटात रुतत होती.

रामकिसनला दोन शब्द बोलायला बोलावलं. तो नवा पांढरा शर्ट घालून आला होता. माइक हातात घेतला आणि काही क्षण दगडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गाववाल्याहो, मले आज खरं सांगाचं हाये. मी फौजी नाई."

पहिली शिट्टी मागून आली.

"मी मेडिकलमंधी फेल झालो व्हतो. माहा कान फुटेल व्हता. मी वॉचमन व्हतो. कोल्ड स्टोरेजवर—"

"एकबी आलू शत्रूच्या हाती लागू नाई देल्ला!" सगळं मैदान एका सुरात ओरडलं. पोरं, मास्तर, बाया, बाहेरगावचे पाहुणे. टाळ्या थांबेनात. दीडशे मोबाइल वर झाले. रामकिसननं हात वर केला. "अरे खरं सांगून राह्यलो! शपथ घेऊन सांगतो!" त्यावर आणखी मोठा हशा झाला. प्रज्वल पुढे वाकून मोबाइलवर सगळं टिपत होता आणि डोळे पुसत होता. वैजयंतीताई पोट धरून बसल्या होत्या. रुख्मिणी पिंपळाखाली बायांमध्ये उभी होती, तिनं पदर तोंडावर घेतला होता.

रामकिसननं माझ्याकडे बघितलं. संपूर्ण मैदानात एकच माणूस होता ज्यानं तो पास हातात धरला होता. मी दोन पावलं पुढे होऊन म्हणायला हवं होतं, हो, हे खरं आहे, मला माहीत आहे. तेवढंच काम होतं माझं. माझ्या शेजारी किराणावाला आणि कंडक्टर एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते, आणि मी लाकडाची बंदूक छातीशी धरून उभा राहिलो. भित्रा म्हणा, काहीही म्हणा. ज्या दिवशी खरंच पलटणीची गरज होती त्या दिवशी मी हललो नाही.

मग रामीबाई उठली. तिला उठताना बघून लोकांना वाटलं आता ती पडदा काढणार, म्हणून हशा जरा ओसरला. ती सावकाश चालत त्याच्यासमोर आली. ती हसत नव्हती. तिला सिनेमा माहीत नव्हता, आलू माहीत नव्हता. तिनं फक्त एक माणूस काय म्हणाला ते ऐकलं होतं. माइक चालूच होता, म्हणून तिचा बारीक आवाज सगळ्या मैदानावर गेला.

"तू फौजी नोता?"

"नोतो याडी."

"मंग गोळी लागली का दुखत नाई, झोप येते," ती म्हणाली, "हे तुले कोनं सांगतलं?"

तिनं वाट पाहिली. पंधरा वर्षं ती ज्या उत्तरासाठी त्याच्या दारात येत होती, त्याची वाट बघावी तशीच, मान थोडी वर करून.

"कोनंच नाई, याडी," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. शालीची घडी नीट केली, परत जाऊन खुर्चीवर ठेवली आणि तांड्याच्या वाटेला लागली. मागच्या लोकांना हाही सिनेमातलाच सीन वाटला, ते अजून टाळ्या वाजवत होते. कोणीतरी पडदा ओढला.